गुन्या परतूरला राह्यला

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, मग मी सुरू करतो. मागच्या वेळी हे सांगताना एकाच्या नाकातून चहा आला आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडानं सांगणारा माणूस कमी मिळतो, तेव्हा जरा सांभाळून ऐका.

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, सगळी वर्षं वडीगोद्रीत. भूमिती तर माझ्या हातचा मळ. हे फुशारकी म्हणून नाही सांगत. पुढं याच भूमितीनं माझं नाक कापलं, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो.

तर आमच्या बेडरूमचं दार. दर पावसाळ्यात अडकायचं, हिवाळ्यात मोकळं व्हायचं. यंदा हिवाळा सरत आला तरी मोकळं होईना. मी निदान केलं, दार फुगलंय. मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले, रंधा विकत आणला आणि दाराची वरची कड तासली. मग बाजूची. मग परत वरची. दार दिवसेंदिवस बारीक होत गेलं आणि तरी अडकतच राहिलं. एका बाजूनं बोट जाईल एवढी फट, दुसऱ्या बाजूनं हलायला तयार नाही. गणिताचा मास्तर मी, पण हे गणित काही सुटेना.

त्यातच एका संध्याकाळी मी हायवेवरच्या हॉटेलात गप्पा हाणत बसलो होतो, आणि घरी सुमन, म्हणजे आमची सौभाग्यवती, त्या खोलीत अडकली. तिचा फोन स्वयंपाकघरात. दीड तास. मी आलो तोवर ती ठोठावून ठोठावून गप्प झाली होती. खांद्यानं धडक मारून दार उघडलं, तर ती पलंगाच्या कडेला बसलेली आणि डोळे लाल. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईला मी दोनदाच रडताना पाहिलंय, तेही लग्नाच्या पहिल्या महिन्यात. मला फार वाईट वाटलं. इथं मी गंमत करत नाहीये.

"या खोलीत मी आता पाऊल टाकणार नाही," ती म्हणाली. "रविवारपर्यंत नीट झालं तर ठीक. नाहीतर मी चालले परतूरला दादाकडं. तुम्ही आणि तुमचा रंधा नांदा सुखानं."

परतूर तिचं माहेर. आणि सुमन उगाच धमकी देणाऱ्यातली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं कपाटातल्या साड्या मला आणायला लावून बॅग भरून दिवाणाखाली ठेवली.

मग मी दत्ताला बोलावलं. दत्ता सुतार गावातलाच, माझा जुना विद्यार्थी. आता त्याचे केस पिकायला लागलेत, पण मला पाहिलं की अजूनही हातातली तंबाखू मागं लपवतो. जाता जाता नुसतं बघायला आला, हत्याराबिगर. त्यानं दाराकडं ढुंकूनही पाहिलं नाही. चौकटीपुढं उकिडवा बसला, एक डोळा मिटला आणि खिशातली गाडीची चावी काढून चौकटीच्या पायाशी टोचली. चावी अर्धी आत गेली.

"फरशीचं पाणी पिऊन पिऊन कुजलीय सर," तो म्हणाला. "ही बाजू खाली बसली. चौकट कलल्यावानी वाटून राह्यली. पण मी आसं डोळ्यानं सांगत न्हाई. गुन्या सांगल."

"गुन्या?"

"हां. डोळा फसतो सर. गुन्या न्हाई फसत."

आता तुम्हीच बघा. आमच्या गल्लीत बाळ्या आहे, पंड्या आहे, नाम्या आहे. गुणाजीचा गुन्या व्हायला असा कितीसा वेळ लागतो?

"मग आजच बोलव की," मी म्हणालो.

"गुन्या परतूरला राह्यला. बंगल्याच्या कामावर गेल्तो तिकडं. शनवारी आणतो की बराबर."

"जुना आहे वाटतं तुमच्याकडं?"

"वडलांच्या टायमाचा हाय. त्याच्याबिगर आमचं पान हलत न्हाई. वडील गेले तवा मला म्हणले, दत्ता, बाकी सगळं इकलंस तरी चालंल, गुन्याला अंतर देऊ नको."

माझ्या अंगावर काटा आला. बाप मरताना पोराच्या हाती सोपवून जातो, असा कारागीर. "म्हणजे वय बरंच असणार," मी हळूच म्हणालो.

"माझ्याहून मोठा हाय सर. पण आजून बिलकुल ताठ. केसभर वाकला न्हाई."

"तब्येतपाणी?"

दत्ता हसला. "त्याला काय लागतं? आधनंमधनं तेल लावायचं, उन्हात ठेवायचं न्हाई. बास."

मी सुमनला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "परतूरला असा कुणी गुणाजी असता तर मला माहीत नसतं का? माझं लहानपण गेलं तिथं."

"अगं, अशी माणसं प्रसिद्धीपासून लांब राहतात."

"दाराचं बघा," ती म्हणाली. "रविवार तोंडावर आलाय."

पण मला कुठलं राहवतंय? हॉटेलात जाऊन मी शेजारच्या बाबूरावांना सांगितलं. पहिल्या कपाला गुणाजीबाबा ऐंशीचे होते. दुसऱ्या कपाला पंचाऐंशीचे झाले. तिसरा कप संपेपर्यंत त्यांनी हैदराबादेत कुणा नवाबाच्या महालाची चौकट नुसतं बघून सरळ केली होती. हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. माझ्याच तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं आणि लगेच माझा विश्वासही बसला.

"मला येऊ द्या दर्शनाला," बाबूराव म्हणाले.

शुक्रवारी मी दत्ताला फोन लावला. म्हातारा माणूस, प्रवासाची काळजी वाटली. "उद्या गाडीवर आणणार का रे? जपून आण."

"न्हाई सर, गाडीवर न्हाई. एकडाव मागं बांधून आणल्ता तर खड्ड्यात आपटला. तवापासून एसटीनं आणतो. मांडीवर घेऊन."

मी फोन ठेवला आणि सुमनला सगळं सांगितलं. एवढा मोठा कारागीर वयानं इतका आटून गेला की मांडीवर मावतो! आणि तरी लोकांच्या चौकटी सरळ करत हिंडतो. आपण निवृत्त होऊन दोन वर्षं झाली नाहीत तर गुडघे धरून बसतो.

"मांडीवर?" सुमन म्हणाली. "अहो, माणूस आहे का तान्हं बाळ?"

"म्हातारपणी माणूस लहान होतो," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. पण पाहुणा येणार म्हटल्यावर ती शिरा करायला उठलीच. मऊ शिरा, दातांना त्रास नको म्हणून. आणि माझ्या सांगण्यावरून तेलाची वाटी कोमट करून ठेवली.

शनिवारी सकाळी मी स्वतः बैठकीची खोली झाडली. निरोपसमारंभात शाळेनं मला फळ्यावरचं भूमितीचं मोठं लाकडी सामान भेट दिलंय, कंपास, कोनमापक आणि बाकीचं. ते तिथं भिंतीवर खिळ्यांना टांगलेलं असतं. त्याची धूळ मी माझ्या हातानं पुसली. बरोबर त्याच्याखाली खुर्ची मांडली आणि खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. माझ्या सत्काराच्या शालींतली सगळ्यात चांगली शाल काढली, नारळ आणला. बाबूराव इस्त्रीची टोपी घालून हजर.

दत्ता आला. हातात हत्यारांची पिशवी, काखेत जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी. मी फाटकाबाहेर वाकून दोन्हीकडं पाहिलं.

"एकटाच?"

"हां सर."

"आणि ते? मागून येतायत का?"

"कोण सर?"

"अरे, गुणाजीबाबा. तुझा गुन्या."

"हा काय," दत्ता म्हणाला. आत आला, खुर्चीपाशी गेला आणि धोतराच्या घड्या एकेक करून सोडल्या. उशांवर त्यानं अलगद ठेवले ते काळ्याभोर शिसवी लाकडाचे दोन हात, एकमेकांना नव्वद अंशात जोडलेले. हाताळून हाताळून आरशासारखे गुळगुळीत.

बाबूरावांचे जोडलेले हात तसेच राहिले. माझ्या हातात शाल आणि नारळ. नारळ खाली ठेवावा की कुठं जाऊन लपावं, काही सुचेना.

सुमननं खुर्चीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग तिची नजर सावकाश वर भिंतीवर गेली. कंपास आणि कोनमापकाच्या शेजारी, त्याच सकाळी मी पुसलेला, हातभर लांबीचा लाकडी गुण्या टांगलेला होता.

"अहो," ती म्हणाली, "मग हा कोण? गुणाजीबाबांचा थोरला भाऊ?"

दत्ताला अजून काहीच कळलं नव्हतं. तो भिंतीकडं बघून हरखला. "हा तर आपल्या शाळेतला! सातवीला सर हाच घेऊन फळ्यापुढं राह्यचे उभे. डोळा फसतो पोरांनो, गुण्या फसत नाही, आसं म्हणायचे. तेवढंच एक ध्यानात राह्यलं सर. त्याच्यावरच धंदा करून राह्यलोय."

म्हणजे ज्या वाक्यानं मी गुणाजीबाबांच्या नादी लागलो, ते वाक्यही माझंच. बाबूराव खोकण्याच्या निमित्तानं बाहेर गेले. बराच वेळ खोकत होते.

मग दत्तानं गुन्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्याला टेकवला. लाकूड आणि चौकट यांच्यामधून बोटभर उजेड आला. त्याच गुन्यानं त्यानं दाराचे कोपरे तपासले आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दार बराबर असणार सर आधी. ह्याला कुनी खाल्लं?"

मी पंख्याकडं बघत होतो. सुमननं माझ्याकडं बोट दाखवलं.

पण खरं सांगू? त्यानंतर जे मी पाहिलं, त्यापुढं माझी सगळी फजिती मी विसरलो. कललेली चौकट त्यानं पाचरी ठोकून तसूतसूनं वर घेतली. कुजलेला पाय हातभर कापला, तोही तिरपा. तसाच तिरपा सागवानी तुकडा घडवला. दर दोन मिनिटांनी रंधा थांबवायचा, गुन्या लावायचा, फुंकर मारायची आणि परत केसभर तासायचं. तुकडा बसला तेव्हा मी सांध्यावर नख फिरवून पाहिलं. नख कुठंच अडकलं नाही. फळ्यावर हजारो काटकोन काढले मी, पण इतका सुंदर एकही निघाला नव्हता. तुकडा बसवण्याआधी बुडाला डांबर लावलंच होतं, पाणी पिऊ नये म्हणून. मी तासून खाल्लेल्या दारालाही त्यानं कडेनं पट्ट्या मारल्या आणि एकदाही मला टोमणा मारला नाही.

शेवटी सुमननं त्याच्यापुढं तेलाची वाटी धरली. चेहरा अगदी गंभीर. दत्तानं बोट बुडवून गुन्याला तेल चोळलं आणि म्हणाला, "काकूला बराबर माहीत हाय." शाल मी दत्ताच्या खांद्यावर घातली. तो लाजला. शिरा आम्ही तिघांनी खाल्ला, कारण बाबूराव काही परत आले नाहीत. हॉटेलात गेले होते, बातमी घेऊन.

दत्ता गेला. सुमन त्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं एका बोटानं दार ढकललं, ते आवाज न करता उघडलं. ती आत गेली. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

आणि मग काहीच नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. मी दाराला कान लावला. "सुमन? अडकलं का गं? थांब, मी दत्ताला—"

"अडकलेलं नाही," आतून आवाज आला. "मीच उघडत नाहीये. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. काटकोन तपासायच्या साधनाला काय म्हणतात?"

एकतीस वर्षं मी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं. त्या दिवशी मी स्वतःच्या बेडरूमबाहेर उभा होतो, हात मागं बांधून.

"गुण्या," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

मी मोठ्यानं म्हणालो. इतक्या मोठ्यानं की हॉटेलातून परतलेल्या बाबूरावांनी पलीकडच्या घरातून, गुणाजीबाबांच्या वतीनं, म्हाताऱ्या आवाजात 'ओऽ' दिली.