अप्पांच्या लेन्सची जादू

मंडळी, आज काय झालं ते ऐकाच.

गेल्या महिन्यात याच ग्रुपवर मी अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या लेन्सनं काढलेले फोटो टाकले होते. खटकचिंचोळीतला त्यांचा स्टुडिओ बंद झाला, तेव्हापासून ती ट्रंकेत पडून होती. मी अडॅप्टर लावून ती माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली. चेहऱ्याभोवतीचा मऊ उजेड कसा आला, असं तुम्ही विचारलंत. मी ऐटीत लिहिलं, "जुन्या काचेची जादू!"

आज खंडेनवमी. पूजेला तीच लेन्स लावलेला कॅमेरा मांडला. अप्पांनी ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवली आणि थेट लेन्सच्या काचेवर ओढली!

मी किंचाळलोच. "अप्पा, काचंला कामून लावायलाव?"

"स्टुडिओत दरसाली तिथंच लावायचो की. मग धोतरानं पुसायचं."

लेन्स पुसून उन्हात धरली. काचेवर बारीक ओरखडेच ओरखडे, सगळे आडवे! माझी जादू ती हीच?

"अप्पा, फोटू धुरकट यायचे, हे कळलं न्हाई तुम्हाला?"

"कळलं की. म्हणून तर मेहकरचे लोकसुद्धा लग्नाच्या पोरींचे फोटू काढायला माझ्याकडंच यायचे. तोंडावरचे डाग दिसत न्हाईत म्हणून."

मी गारच पडलो. त्या फोटोंवर किती सोयरिकी जमल्या असतील, तुम्हीच सांगा!

माझी बायको मेहकरची. लग्नाआधी मी तिचा फोटोच पाहिला होता, अप्पांनी काढलेला.

मी तिच्याकडं वळून बघितलं. ती हसत म्हणाली, "आत्ता कळलं व्हय?"