बांधावरचा रांजण

कोऱ्या रांजणात पाणी ओतलं की ओल्या मातीचा वास सुटतो, आणि मी पुन्हा नऊ वर्षांची होते.

त्या साली कापसाला असा भाव चढला होता की आमच्या अकोल्याकडे कावळेसुद्धा पांढरे दिसत. वेचणीवाल्या बाईची पोर गंगी ही माझी मैत्रीण. तहानेने ती आमच्या घागरीला शिवली. काकाने घागर फोडली आणि मायलेकींना शेतातून हाकललं. मी चार बैलांना न हलणारा धोंडा उचलला. “साऱ्याच घागरी फोडून टाकीन!”

विधवा आत्याने माझं मनगट धरलं. “फोडून गंगीले पानी भेटन का वं? बांधावर रांजण भरून ठेव. ज्याले तहान लागन, तो आपल्या हातानं घेईन.”

“काका मारन!”

“मले मारन. तू भर.”

रागारागात मी निम्मी विहीर उपसली. गाडीवान प्याले, वेचणाऱ्या साऱ्या बाया स्वतःच्या हाताने प्याल्या. गंगी आली नाही. मायलेकी केव्हाच तेल्हाऱ्याकडे निघून गेल्या होत्या.

दिवस बुडेपर्यंत आत्या माझ्याशेजारी बसून राहिली. तिच्या रागाला लहानपणी कोणी असा रांजण दिला होता का, हे मी तिला कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं, तर घरात मी एकटीच आहे.