एकाच हाताकडे

माझे बाबा बांधकामावरची उंच क्रेन चालवायचे. सकाळी शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये शिरले की जेवायलाच खाली. कामावर सगळे त्यांना ‘आभाळवाले’ म्हणत. आई मात्र म्हणे, “आभाळातून आलात ना, आता जरा कांदे चिरून द्या.” बाबा निमूट चिरायला बसत.

पहाटे ते प्रार्थनेला बसत. ओठ हलत नसत, कुणासाठी काही मागणं नसे. मला चीडच यायची.

“एवढा वेळ करता तरी काय?” मी एकदा विचारलं.

“प्रभूकडे बघत बसतो. मन सारखं पळतं, त्याला कान धरून परत आणतो.”

“मग तो बोलतो का काही?”

“तू मधे तोंड घातलं नाहीस तर बोलेल.”

क्रेनवाल्याला वरून सगळं दिसतं असं आपल्याला वाटतं. पण भार नेमका कुठे टेकतोय, कशात अडकलाय, हे त्याला कळत नाही. म्हणून भाराजवळ एक सिग्नलवाला असतो. दहा जण ओरडोत, क्रेनवाल्यानं हलायचं ते त्या एकाच्याच हातावर. बाबांचा सिग्नलवाला महा तिरसट. एके दिवशी तर सकाळीच दोघांची जुंपली होती.

मी डबा घेऊन पोचले तेव्हा सळयांचा भारा क्रेनला लटकत होता. माझा धाकटा काका तिथेच कामाला होता, सातव्या मजल्याच्या अर्धवट स्लॅबच्या कडेला पाइपांच्या परांचीवर उभा. अचानक वाऱ्याचा झोत आला. भारा झोके घेत काकावर आला आणि त्यानं काकाला कोपऱ्यात दाबून धरलं. काका दोन्ही हात वर फेकत ओरडू लागला, “दादा, उचल! उचल!” सगळे ओरडू लागले. मीही. सिग्नलवाल्यानं मात्र दोन्ही मुठी घट्ट आवळून समोर धरल्या. म्हणजे थांब.

भारा हलला नाही. मी बाबांना शिव्या घातल्या, खोटं कशाला सांगू?

सिग्नलवाला स्लॅबवरून वाकून परांचीखाली बघत होता. मग त्यानं तळवा किंचित खाली केला. भारा बोटभर उतरला, साखळीत अडकलेला परांचीचा पाइप सुटला, आणि तेव्हा कुठे त्यानं हात वर केला. आधीच उचललं असतं तर परांची उखडली असती आणि काका सात मजले खाली गेला असता.

बाबा उतरले तेव्हा त्यांना शिडीचा शेवटचा दांडा सोडवेना. काका त्यांच्या अंगावरच धावून गेला.

“मी मरत होतो, आणि तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस!”

“नाही बघितलं,” बाबा म्हणाले. “एकदा बघितलं असतं तर उचललंच असतं मी.”

सख्ख्या भावाची हाक कानावर येत असताना हा माणूस एका तिरसट माणसाच्या मुठींवर नजर रोवून बसला होता. रोज पहाटे तो काय शिकत होता, ते मला कळलं.

“दगडाच्या काळजाचा आहेस तू,” काका म्हणाला. त्याचं रडं थांबत नव्हतं.

बाबांनी त्याचं डोकं छातीशी धरलं.

“प्रभूला सांगितलं होतं रे,” ते म्हणाले. “म्हटलं, मला आत्ता त्याच्याकडे बघता येत नाही. तू बघ.”