मुल्ला सिस्टर आणि मांडीचा पट्टा

मुल्ला सिस्टर ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवरच्या फळ्यावर आकडे एवढे मोठे लिहायच्या, की दारातूनही वाचता यावेत. गुडघा बदलताना रक्त थांबावं म्हणून मांडीला हवेचा पट्टा बांधतात. तो फुगवला की फळ्यावर वेळ पडायची, कारण दोन तासांपलीकडे तो ठेवू नये. यंत्राला गजर होता, पण सिस्टरांचा त्यावर भरवसा नव्हता. "त्ये बोंबलंल तवा बोंबलंल. मी आधीच सांगते." मग दर पंधरा मिनिटांनी आवाज यायचा, "मॅडम, पाऊण तास झाला हं."

पुण्यात शिकून मी राजारामपुरीतल्या त्या छोट्या हॉस्पिटलात सर्जन म्हणून रुजू झाले, तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. मूळच्या गडहिंग्लजच्या. बोलणं रांगडं, हात हलका. पाठीत भुलीचं इंजेक्शन घेताना पेशंट थरथरू लागला की समोर उभ्या राहायच्या. "पावणं, माझ्या खांद्यावर डोकं टाका. मुंगी चावल्यागत हुईल, बास." दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन त्याची मांडी चाचपायच्या. "गुडघ्याचं मॅडम बघतील. पट्ट्याच्या जागी ठसठसतंय काय?"

शिवगोंडाआप्पांचा गुडघा फारच वाकडा होता. हाड जुळेना, माप बसेना. सिस्टर म्हणाल्या, "पावणेदोन तास." मी मान हलवली. थोड्या वेळाने, "दोन तास झालं. पट्टा सोडा, मॅडम."

"सिस्टर, घड्याळ मलाही कळतं!" मी ओरडले. पट्टा सुटला तेव्हा अडीच तास होत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचं पाऊल वर उचललं जाईना. मांडीतली नस दबली होती. मी मनात वाक्यं जुळवत वॉर्डाकडे निघाले: असं क्वचित होतं, गुडघाच अवघड होता. सिस्टर जिन्यात भेटल्या.

"आप्पास्नी काय सांगनार?"

मी जुळवलेली वाक्यं त्यांना म्हणून दाखवली.

"पट्टा जास्त वेळ ऱ्हायला, आसं सांगा. न्हायतर त्यांना वाटंल, आपलंच नशीब फुटकं. तुम्ही बोला, मी शेजारी हाय."

मी सांगितलं. आप्पांचा मुलगा तोंडाला येईल ते बोलला, मी ऐकून घेतलं. आप्पांनी एवढंच विचारलं, "पाय परत उचलंल न्हवं?"

"बहुतेक उचलेल. वेळ लागेल. पण खात्री नाही देता येत, आप्पा."

सिस्टर पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी ते लुळं पाऊल तळहातावर घेतलं. आप्पा हॉस्पिटलात होते तोवर ड्यूटी संपली की त्या रोज त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायच्या. तिसऱ्या महिन्यात आप्पा दाखवायला आले. अंगठा थरथरत वर आला, मागोमाग पाऊल. सिस्टर तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

मधल्या काळात मी ऑपरेशनला उभी राहायला घाबरत होते. एकदा चहा पिताना त्या म्हणाल्या, "मला काय तुमच्याएवढं कळत न्हाय. पर नवा सांधा चिकटवायला सिमेंट लावताना हाड कोरडं लागतं, मग पट्टा त्याच वक्ताला फुगवला तर? पहिल्यापासनं कशाला आवळून ठेवायचं?" मी वाचलं, माझ्या सरांना फोन केला. बरेच जण तसं करत होते. रक्त थोडं जास्त दिसतं, एकेक वाहणारी जागा बंद करत पुढे जावं लागतं. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा रक्त दिसताच मी घाई करू लागले. "सावकाश, मॅडम," सिस्टर रक्त टिपत म्हणाल्या, "गुडघा काय पळून चाललाय?" त्या दिवशी फळ्यावर पट्ट्याची वेळ जेमतेम वीस मिनिटं पडली.

निवृत्तीनंतर त्या कळंब्याला लेकीकडे राहायला गेल्या. गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकल्याचं कळलं आणि मी भेटायला गेले. बोलताना धाप लागत होती. इतकी वर्षं मनात राहिलेलं मी शेवटी बोलले, "सिस्टर, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडले. माफी मागायची राहिली."

त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला. "ओरडला न्हवता हो तुम्ही," त्या म्हणाल्या, "भ्याला हुता. मला तवाच कळलं हुतं."

आठवड्याभरात त्या गेल्या.