दादाच्या रविवारच्या रेकॉर्ड

आमच्या दादाला "छान आहे" चालायचं नाही. रविवारी सकाळी चहा झाला की तो रेकॉर्ड लावणार, वहिनीने आणि मी समोर बसायचं आणि बाजू संपली की दोघींनी काय वाटलं ते सांगायचं. मी एकदा "छान" म्हणाले, तर म्हणाला, "छान तर साबणाचा वासही असतो. पुढे बोल." घ्या!

रेकॉर्ड सगळ्या ऐंशीच्या दशकातल्या, नावाजलेल्या. दादा तेव्हा विशीत होता, पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या कारखान्यात नुकताच प्रेसवर लागलेला. पेपरात कौतुक आलं की रेकॉर्ड आणायचा आणि मग कौतुक करणाऱ्याशी घरात बसून भांडायचा. केसाळ गिटारवाल्यांची एक होती, काळ्या पाकिटातली. ती ऐकली की आपल्या वतीने कुणीतरी साहेबाला शिव्या घातल्यासारखं वाटतं म्हणायचा. यंत्राच्या ढोलावर नाचायची एक, जगभर खपलेली. तिच्यात त्याला पाहुणे निघून गेल्यावरचा रिकामा हॉल दिसायचा. सॅक्सोफोनवाल्या म्हाताऱ्याबद्दल म्हणायचा, "हा माणूस घरी कुणाशी बोलत नसणार." आणि सगळ्यात लाडकी, एकट्या बाईने नुसत्या पियानोवर गायलेली. शेवटच्या गाण्यात एका जागी ती थांबते आणि श्वास घेते. तिथे दादा बोट वर करायचा. "हा. यासाठी घेतली."

खरं सांगू, माझं डोकं उठायचं. पण आठवडाभर प्रेससमोर मान खाली घालून उभा राहणारा माझा भाऊ त्या तासाभरात माणसासारखा दिसायचा, म्हणून बसायचे आणि तो म्हणेल त्याच्या उलट बोलायचे. वहिनी तर त्याचंच वाक्य जरा फिरवून त्यालाच ऐकवायची आणि तो खूश. परीक्षा कसली, पेपर आधीच फुटलेला.

कारखान्यात कानात घालायला बोळे द्यायचे. प्रेसवरचे जुने लोक ते खिशात ठेवत. ठोक्याचा आवाज जरा बदलला की साचा सरकलाय हे त्यांना कळायचं आणि हात वेळेवर मागे यायचा. कान बंद केले तर बोटं जातील, असा त्यांचा हिशेब. दादाची बोटं सगळी शाबूत राहिली.

कान कधी जायला लागले, ते त्याने कुणाला कळू दिलं नाही. तो समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघून बोलायला लागला, तर आम्हाला वाटलं, वयाबरोबर जरा मायाळू झालाय. काय अक्कल आमची.

एका रविवारी त्याने त्या एकट्या बाईची रेकॉर्ड लावली. आदल्या दिवशी मी प्लेअर पुसला होता, त्यात वेगाचा खटका सरकला असणार. बाई उंदरासारखी चिरचिर करायला लागली. मला हसू फुटलं. वहिनीनेही तोंडावर हात धरला. मग दादाकडे बघितलं. तो डोळे मिटून बसला होता आणि मान हलत होती ती नेहमीच्या सावकाश लयीत. बाजू भराभर संपली. सुई आतल्या कडेला खरखरत राहिली. आम्ही दोघी जागच्या हललो नाही. बऱ्याच वेळाने दादाने बोट वर केलं.

"हा. यासाठी घेतली."

वहिनीने मला डोळ्यांनी दटावलं. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. शिवाय उद्या कारखान्यात मागून मालाची गाडी आली तर याला सांगणार कोण? मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

"दादा, रेकॉर्ड केव्हाच संपली."

त्याने सुईकडे बघितलं. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"डोक्यात वाजते गं सगळी," तो म्हणाला. "पण हल्ली तुकडे गळतात. त्या गिटारवाल्यांची सुरुवात शोधतोय कधीपासून, सापडत नाही. हळूहळू सगळंच जाईल."

मग त्याने खटका जागेवर आणला, तीच बाजू पुन्हा लावली, खुर्ची वहिनीसमोर ओढली आणि तिच्या ओठांवर नजर लावून बसला.

"सांग. काय करतेय ती?"

"गातेय."

"ते कळलं गं. कशी?"

वहिनीने त्याचंच एक जुनं वाक्य काढलं.

"ते माझं आहे," दादा म्हणाला. "तुला काय ऐकू येतंय, ते सांग. तेवढंच मिळणार मला आता."

वहिनीला रडू आलं. "अहो, मी रेकॉर्ड कधी ऐकलीच नाही. तुम्ही बोलायचात, ते ऐकायचे मी."

तिचे ओठ थरथरत होते. त्याला कळलं की नाही, कुणास ठाऊक. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

मी जीव लावून ऐकलं. पियानो होता, बाई होती. यापलीकडे मला एक शब्द सुचेना. इतक्या वर्षांत मी फक्त त्याच्याशी वाद घातला होता. दादा माझे ओठ हलायची वाट बघत राहिला.