सूर्य मावळायच्या आत

अमरावती शहरात आजवर जेवढ्या माफ्या मागितल्या गेल्या असतील, त्यातल्या निम्म्या तरी एकट्या आमच्या घरमालकांनी मागितल्या आहेत, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आता एवढ्या माफ्या मागायच्या म्हणजे तेवढी भांडणंही करावी लागतात, आणि त्यातही ते कुठे कमी पडलेले नाहीत. राजापेठेतल्या त्यांच्या घरात खालच्या मजल्यावर मी गणिताचे क्लास घेतो आणि मागच्या दोन खोल्यांत राहतो. वरच्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी. सगळी गल्ली त्यांना काका-काकू म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं बसस्थानकाच्या कर्ण्यातून धामणगावची गाडी, तेल्हाऱ्याची गाडी असं ओरडून त्यांचा आवाज असा झाला आहे, की 'चहा झाला का' हे त्यांनी काकूंना विचारलं तरी समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकतं. जेवढा आवाज मोठा तेवढंच डोकं गरम. आणि या गरम डोक्यात त्यांच्या वडिलांनी लहानपणीच बायबलमधली एक गोष्ट पक्की ठोकून बसवली होती, की आपल्या रागावर सूर्य मावळू द्यायचा नाही.

आपण असली वचनं सुंदर अक्षरात लिहून भिंतीवर लावतो. काकांनी त्याचं वेळापत्रक केलं. रोज सकाळी पेपर आला की ते आधी सूर्यास्ताची वेळ बघतात, मग मृत्यूच्या बातम्या, मग बाकीचं जग. दिवसभर ज्याच्याशी वाजलं असेल त्याची माफी त्या वेळेच्या आत मागून झाली पाहिजे. सूर्याची शेवटची गाडी सुटायच्या अर्धा तास आधी ते स्कूटर काढतात, हेल्मेट घालतात आणि निघतात. थंडीत पावणेसहालाच सूर्य बुडतो, त्यामुळे डिसेंबरमध्ये काका जरा बेतानं भांडतात. मे महिन्यात मात्र जवळजवळ सातपर्यंत मुभा असते. उन्हाळ्यात त्यांच्या तोंडी लागू नये, हे गल्लीतल्या नव्या भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं.

माफी मागायची त्यांची पद्धतही ठरलेली आहे. समोर उभं राहायचं, हेल्मेट काढायचं आणि म्हणायचं, "आज माह्याकडून चुकलं. माफ केलं म्हना." समोरच्यानं तसं स्पष्ट शब्दांत म्हटल्याशिवाय ते हलत नाहीत. नुसती मान हलवलेली चालत नाही, 'जाऊ द्या हो काका' तर बिलकुल चालत नाही. गिरणीवाल्यानं एकदा चालू गिरणीच्या आवाजात 'माफ केलं' म्हटलं, ते यांना ऐकू आलं नाही, तर यांनी त्याला गिरणी बंद करायला लावली. रांगेत डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांसमोर त्यानं मोठ्यानं माफ केलं आणि मग पुन्हा पट्टा चढवला. चौकातला पानवाला त्याहून बेरकी. त्यानं एकदा सूर्यास्ताला दहा मिनिटं असताना शांतपणे सांगितलं, की विचार करून सांगतो. त्या दहा मिनिटांत काकांच्या चेहऱ्यावर जे काही येऊन गेलं, ते बघून पानवाल्यालाच अपराधी वाटलं आणि त्यानं माफ तर केलंच, वर एक मसाला पान लावून दिलं.

पहिली फेरी घरातलीच असते. काकूंची माफी चहाबरोबर, उभ्या उभ्या. काकू ती चहाच्या बशीइतक्याच सवयीनं घेतात. मला त्या एकदा म्हणाल्या, की लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, रोज न चुकता माफी मागतात, पण ओला टॉवेल रोज खाटेवरच पडलेला असतो. त्यांच्या मते यांच्या धर्मात माफी मागायचं प्रकरण फार विस्तारानं दिलं असावं आणि टॉवेलचं राहून गेलं असावं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण काकांचं म्हणणं असं, की देव मनातलंही ऐकतो, तेव्हा मनातल्या मनात केलेलं भांडणही भांडणच. म्हणून ते मनात आलेल्या वाईट विचारांचीही माफी मागतात. मी राहायला आलो त्याच महिन्यातली गोष्ट. माझा क्लास रंगात आलेला, फळ्यावर समीकरण अर्धं सुटलेलं, आणि दारात काका हेल्मेट हातात घेऊन उभे. चाळीस विद्यार्थ्यांसमोर ते म्हणाले, "सर, सकाळी तुमच्याबद्दल मनात वाईट आल्तं. माफ केलं म्हना." मी म्हटलं. ते गेले. नेमकं काय वाईट आलं होतं, ते सांगायची त्यांच्या नियमात तरतूद नव्हती. ते मला आजतागायत कळलेलं नाही आणि अधूनमधून जेवताना ते मला आठवतं.

भाजीवाल्या मावशींच्या बाबतीत मात्र त्यांनी कारणही सांगितलं, आणि तीच चूक झाली. मावशी रोज सकाळी गल्लीत गाडी घेऊन येतात आणि दुपारनंतर कोपऱ्यावर बसतात. काकांनी त्यांना सांगितलं, की तुम्ही मेथीवर पाणी मारता ते ती जड व्हावी म्हणून, असं मी आज मनात म्हटलं, तर मला माफ करा. मावशींना तोवर काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी काकांचं काढलं, मग एसटीचं, मग काकूंनी दोन वर्षांपूर्वी परत केलेल्या वांग्यांचं. काकाही काही कमी नव्हते. पाच मिनिटांत मनातलं भांडण रस्त्यावर आलं आणि वाहनांची रांग लागली. मग काकांनी घड्याळ पाहिलं. सूर्यास्ताला सात मिनिटं. त्यांचा आवाज एकदम खाली आला, हेल्मेट पुन्हा निघालं आणि त्याच जागी, त्याच बाईची, या नव्या भांडणाची माफी मागून झाली. मावशींनी माफ केलं आणि मेथीची जुडी पिशवीत टाकली. ती ओली होती, पण काका त्या वेळी काहीही मनात आणण्याच्या स्थितीत नव्हते.

नाताळात तर विचारूच नका. वर्षभरात ज्याच्याशी वाजलं त्याच्याकडे करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट गेलंच पाहिजे, असा नियम. त्यामुळे काकू आणि शेजारच्या दोघीतिघी डिसेंबरचा तिसरा आठवडा तळणात घालवतात. आम्ही बौद्ध, पलीकडचे पाटील, समोरचे शेख, कोणाचंही दार सुटत नाही. एका वर्षी एका घरी ताट गेलं नाही, तर त्या घरच्या बाई रुसल्या. आमच्याशी भांडायलासुद्धा यांना वेळ नाही, असं त्या म्हणाल्याचं कानावर आलं.

आता एवढ्या हिशेबी माणसाचा एक हिशेब मात्र अकरा वर्षं तसाच पडला होता, आणि तो त्यांच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा होता. ताई अकोल्याला राहतात, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. काकांच्या आईच्या मातीच्या दिवशी कबरीपाशी कोणतं गीत म्हणायचं, यावरून दोघांचं बिनसलं. ताईंनी एक सुचवलं, आणि काका सगळ्या मंडळीसमोर त्यांच्या त्या कर्ण्याच्या आवाजात म्हणाले, की तू अकोल्याले बसून राहिली, मायची सेवा आम्ही केली, तुले गीत सांगायचा हक नाही. आईच्या आजारपणाच्या त्या शेवटच्या दोन वर्षांत ताईंचे यजमानही अंथरुणावर होते. त्या तिथूनच अकोल्याला गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत.

हे मला काकूंनी सांगितलं. मी एकदा धीर करून काकांना विचारलं, की पानवाल्यापर्यंत पोचणारी माफी अकोल्यापर्यंत का पोचली नाही. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्यासारखा गणिताचा माणूसही गार पडला. "त्या दिवशी आभाळ होतं, सर. सूर्य दिसलाच नाई. मंग तो मावळला कवा, हे मले कसं समजन?" रोज पेपरात सूर्यास्त बघणारा माणूस हे बोलत होता. त्यांच्या लेखी तो दिवस अजून संपलेला नव्हता. हे सांगताना ते माझ्याकडे बघतच नव्हते.

मग गेल्या वर्षी एका शनिवारी दुपारी भाच्याचा फोन आला. ताई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, उद्या सकाळी ऑपरेशन. वय अठ्ठ्याहत्तर, त्यात हृदयाचा त्रास, डॉक्टरांनी घरच्यांना भेटून घ्यायला सांगितलं होतं. काकू खाली येऊन मला एवढंच म्हणाल्या, "सर, तुमच्या गाडीत ह्यायले अकोल्याले नेऊन घाला. यकटे गेले तर बसस्टँडवरूनच वापस येतीन." मी त्या दिवशीचा क्लास सोडून दिला. तीनला आम्ही निघालो.

अकोला आमच्या पश्चिमेला. त्यामुळे सूर्य सबंध रस्ताभर समोरच्या काचेत बसलेला, आणि काका त्याच्यावर नजर ठेवून. दर दहा मिनिटांनी ते मला किती वाजले विचारत होते आणि हातातल्या घड्याळाकडेही बघत होते. मूर्तिजापूरला आम्ही चहाला थांबलो. चहा फारच गोड निघाला. काकांनी टपरीवाल्याला असं काही सुनावलं, की शेजारचा ट्रकवाला आपला चहा न पिताच उठला. आम्ही पुढे निघालो. आठदहा किलोमीटर गेल्यावर ते हळूच म्हणाले, गाडी फिरवा. मी सांगून पाहिलं, की आपल्याला ताईंकडे पोचायचं आहे, उजेड कमी होत चाललाय, टपरीवाला विसरूनही गेला असेल. ते ऐकेनात. परत गेलो. टपरीवाला खरंच विसरला होता, त्यामुळे आधी त्याला भांडण समजावून सांगावं लागलं. त्यानं माफ केलं आणि बिनसाखरेचा चहा पाजला. यात आमचा अर्धा तास गेला. मला त्या वेळी काकांचा मनापासून राग आला होता. ते तिकडे पोचायचंच टाळत आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

दवाखान्यात आम्ही शिरलो तेव्हा सूर्य पलीकडच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर टेकला होता. ताई खाटेवर निजलेल्या, पण नजर मुख्याध्यापिकेचीच. त्यांनी विचारलं, कसा आला. काका म्हणाले, गाडीनं. मग काका रस्त्याविषयी बोलायला लागले. कुठे काम चाललं आहे, कुठून वळावं लागतं, मूर्तिजापूरला किती वेळ गेला. नंतर पऱ्हाटीवर, म्हणजे यंदाच्या कपाशीवर आले. अमरावतीच्या निम्म्या लोकांसमोर दिवसाला दोनदा हेल्मेट काढणारा हा माणूस, आणि त्याला ते एक वाक्य तोंडातून निघेना. मी खिडकीकडे बघत होतो, ते बघत नव्हते. सूर्य टाकीमागे गेला, उजेड लालसर झाला, मग राखाडी झाला, आणि नर्सबाईंनी येऊन ट्यूबलाईट लावली. वेळ टळून गेली होती. मला वाटलं, संपलं, आता हे उठतील.

काका तेव्हा बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज इतका लहान ऐकला.

"ताई, मायच्या मातीत मी तुले जे बोल्लो, ते बोलायचं नोतं."

ताई वर छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं झाले. मले रोज आयकू येते ते."

काकांनी मान खाली घातली. मी वाट बघत होतो, की आता ते नेहमीसारखं म्हणतील, माफ केलं म्हण. ते नाही म्हणाले. ताईच बोलल्या, "तिकडं काहून बसला दाराजवळ? खुर्ची इकडं घे." काकांनी खुर्ची ओढली. त्यांच्या हातावर ताईंनी सलाईन नसलेला हात ठेवला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते त्या दोघांना दाखवण्यात अर्थ नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. ताई आता वॉकर घेऊन घरात फिरतात. काका दर शनिवारी सकाळच्या बसनं अकोल्याला जातात आणि तिथे बहीणभाऊ दिवसभर चहापासून प्रवचनापर्यंत सगळ्यावर भांडतात, असं भाचा सांगतो. आमच्या गल्लीची शनिवारची माफी ते शुक्रवारीच आगाऊ मागून ठेवतात. पानवाल्यानं याला हरकत घेतली होती, पण त्याचं कोणी ऐकलं नाही.

गेल्या रविवारी चर्चहून आल्यावर काका माझ्या रिकाम्या वर्गात येऊन बाकावर बसले. सूर्यास्ताला अजून पुष्कळ वेळ होता आणि त्या दिवशी त्यांचं कोणाशीच वाजलं नव्हतं. ताईंची आता अशी किती वर्षं राहिली असतील, हे ते बोलले नाहीत. फळ्याकडे बघत त्यांनी मला विचारलं, "सर, अकरा वर्षांत शनिवार किती येतात हो?"

मी वीस वर्षं गणित शिकवतो आहे. त्यांचं वाक्य संपायच्या आत उत्तर माझ्या डोक्यात आलं होतं. मी डस्टर उचललं, कोरा फळा पुन्हा एकदा पुसला आणि म्हटलं, की असं तोंडी नाही सांगता येणार, काका.