मामांचं मत

आमच्या गल्लीतल्या केशकर्तनालयाचे मालक, म्हणजे सगळ्यांचे मामा. त्यांचं एक तत्त्व आहे : गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असताना वाद घालायचा नाही. माणूस तावातावाने मान हलवतो आणि कापतं. म्हणून कोणी काहीही बोलो, मामा म्हणतात, "बरोबर बोललात." माझी मतं त्यांना फार पटतात, असं मी कित्येक वर्षं समजत होतो.

दुकानासमोर रस्ता ओलांडला की पाचवी ते आठवीची सरकारी शाळा. मामांच्या लेकीची चौथी संपत आली होती. तिला इथे घालायचं की लांबच्या खाजगी शाळेत, या विचाराने मामांच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. अर्जाची मुदत उद्या संपणार होती तरी ठरेना. मग खुर्चीत बसेल त्याला त्यांनी विचारायला सुरुवात केली.

तिथल्या सातवीतला एक लांबडा मुलगा म्हणाला, "विज्ञानाच्या बाई भारी आहेत, पण नळाला पाणी नसतं."

त्याच्या मागे बसलेला वर्गमित्र म्हणाला, "पाणी असतं, बाईच नसतात."

मुलाचे केस कापून घ्यायला आलेल्या एका आईला तिथली शिस्त जाचक वाटत होती, दुसरीच्या मते तिथे शिस्तीचा पत्ताच नव्हता. दोघींची मुलं वर्गात एकाच बाकावर! मामांना काही सुधरेना.

शेवटी दाढीला बसलेल्या पोस्टमनना विचारलं.

"माझा मुलगा तिथेच आहे की. अहो, तुम्हीच म्हणालात ना, शाळा चांगली आहे म्हणून!"

बाकावरचे बेकरीवाले उसळले. "मला तर म्हणाले, अगदी बेकार! त्यांच्या शब्दावर मी पोरीला तिथून काढली."

मामांचा वस्तरा पोस्टमनच्या गालावरच थांबला. गल्लीतलं अर्धं मत त्यांचंच होतं, आणि उरलेलं अर्धंही. आणि इतक्या वर्षांत ते शाळेच्या फाटकाच्या आत एकदाही गेले नव्हते. बाकावर बसल्या बसल्या मला हसू फुटत होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते गिळलं.

तेवढ्यात लेक जेवणाचा डबा घेऊन आली.

"बाबा, ठरलं का? माझ्या मैत्रिणी इथेच येणार आहेत. चांगलीच असेल ना शाळा?"

"बरोबर बोललीस," मामा सवयीने म्हणाले.

तिने डबा टेबलावर आपटला. डोळे भरून आले होते.

"मी काय गिऱ्हाईक आहे का तुमचं?"

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी वस्तरा ठेवला, हात पुसले.

"मला माहीत नाही गं बाळा," ते म्हणाले. "खरंच काही कळत नाहीये. चल, आत जाऊन बघू."

"अहो, माझी अर्धी दाढी!" पोस्टमन साबणातून ओरडले.

मामांनी ऐकलंच नाही. फाटकाशी मात्र त्यांचे पाय अडखळले. लेकीने त्यांचा हात धरला आणि त्यांना आत नेलं.